गोलकीपर जावयाच्या कपाळावरचा क्रूस

आमच्या पॅरिशमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिस्सा असते. मिस्सा संपली की खालच्या हॉलमध्ये चहा, तळलेले गोड फुगे आणि चौकशा. वसई सोडून एक जन्म झाला, पण चौकशा आम्ही बरोबर आणल्यात. मुलगी काय करते, जावई काय करतात, घर स्वतंत्र डिटॅच्ड की भिंतीला भिंत सेमी. बाकीच्या बायका पटापट उत्तरं देतात, आयटी, नर्सिंग, अकाउंट्स. माझी पाळी आली की मी म्हणायची, "गोलकीपर."

"म्हणजे फुटबॉलचा?"

"नाही, हुतुतूचा."

मग कुणीतरी चहाच्या कपात बघत विचारायचं, "ते ठीक आहे हो, पण नोकरी कुठे करतात?"

"हीच नोकरी," मी सांगायची. तरी त्यांच्या चेहऱ्यावर तेच, की बाईची मुलगी फसली आणि बाई कबूल करत नाही. एकीने तर मला बाजूला घेऊन एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये भरती चालू असल्याचं सांगितलं. मी स्वतः त्या एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरत रिटायर झाले. मला वेअरहाऊसचा पत्ता सांगते!

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मलाही धक्काच बसला होता. मुलगी एका मैत्रिणीच्या लग्नाला गेली आणि तिथून हा इंग्रज घेऊन आली. दारात उभा राहिला तर चौकट भरली. मान वाकवून आत आला, बूट काढले, आणि म्हणाला की जिन्याखालच्या कपाटात ठेवू का. बूट काढून ते कुठे ठेवू असं विचारणारा गोरा मी कॅनडात, आमच्या मिसिसागात, तोवर पाहिला नव्हता. तिथेच माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा लग्नाला पुरला.

लग्नानंतर दोघं आमच्याच बेसमेंटमध्ये राहिली. नात झाली तरी तिथेच. जेवायला मात्र रोज वर, माझ्या टेबलावर. मी पोळ्या लाटायची आणि तो समोरच्या स्टुलावर बसून सांगायचा. मी त्याला "जावईबापू" म्हणून अहो-जाहो करायला गेले, पण इंग्रजीत कसं करणार? राजालाही यू आणि कुत्र्यालाही यू. त्याने आमचे चार शब्द उचलले होते, बस, जेव, पुरे, आज नाही. आणि मला आई म्हणायचा.

त्याची कहाणी मला अशी तुकड्या-तुकड्यांनी कळली. लहान असतानाच उत्तर इंग्लंडातल्या एका मोठ्या क्लबाने त्याला उचललं. शाळा अर्धी, मैदान पूर्ण. अठरा वर्षांचा झाल्यावर एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं, तुझी उंची चांगली, हात चांगले, पण आम्हाला नकोस. बाप बाहेर गाडीत वाट बघत होता. त्याला काय सांगावं म्हणून हा बराच वेळ टॉयलेटमध्ये बसून राहिला. त्यापुढे लहान लहान गावं, खालचे डिव्हिजन, परक्या बाईच्या घरात भाड्याची खोली. एक क्लब त्याला दुसऱ्या क्लबाला लोनवर द्यायचा. माणूस उसना देतात हे मला तेव्हा कळलं. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा द्यायचा, आणि सीझन संपला की परत.

"आणि खेळायचास किती?" मी विचारलं होतं.

तो हसला. म्हणाला, आई, गोलकीपर एकच खेळतो. दुसरा बाकावर. पळणारे दमले की बदलतात, गोलकीपर दमत नाही. तो मोडला तरच दुसऱ्याला संधी. म्हणजे बाकावर बसून पुढच्याचं हाड मोडायची वाट बघायची, आणि वाट बघतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटून घ्यायची. त्याची जवानी अशी बाकावर गेली. एकदा कपच्या मॅचमध्ये पुढचा आजारी पडला म्हणून हा उभा राहिला आणि एका बड्या टीमला त्याने गोल करू दिला नाही. गावात दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या शनिवारी तो परत बाकावर.

कॅनडात आला तेव्हा तिशी उलटली होती. टोरांटोच्या बाजूचा एक लहानसा क्लब, वाऱ्याने उडून जाईल असं स्टेडियम. पण इथे तो पहिला गोलकीपर होता. आयुष्यात पहिल्यांदा जागा त्याची होती. बाकावर आता दुसराच कुणी तरुण पोरगा बसायचा, आणि तो कुठल्या नजरेने आपल्याकडे बघतो ते याला कुणी सांगायला नको होतं.

आता कपाळावरच्या क्रूसाचं सांगते. आमच्या घरी संध्याकाळी जपमाळ होते. जपमाळ संपली की धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून यायचं, थोरांनी अंगठ्याने कपाळावर क्रूस काढायचा आणि म्हणायचं, देव तुला राखो. आमच्या आजा-पणजापासून हे चालत आलंय. तो पहिल्यांदा घरी आला त्या संध्याकाळी जपमाळेला मागे भिंतीला टेकून उभा होता. मुलीने आशीर्वाद घेतला, आणि बघते तर हा तिच्या मागे रांगेत. देवळाबिवळाशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण माझ्यापुढे एक गुडघा टेकला, नाहीतर माझा हात पोचला नसता. मी म्हटलं, बरं बाबा, तुलाही.

दुसऱ्या दिवशी त्याची मॅच होती आणि एकही गोल खाल्ला नाही. संपलं. गोलकीपर म्हणजे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांपेक्षा अंधश्रद्धाळू जमात. डावा ग्लोव्ह आधी, मग उजवा, दोन्ही खांबांना हात, आणि आता सासूचा अंगठा. मॅचच्या दिवशी बॅग घेऊन किचनमध्ये यायचा, गुडघा टेकायचा, डोळे मिटायचा. हाताला पीठ असलं तर तसाच पिठाचा क्रूस घेऊन जायचा. बाहेरगावी मॅच असली तर फोन. मुलगी चिडवायची, "आई, तू त्याच्या किटचा भाग आहेस."

मी स्वतः मॅच बघत नसे. आमचे हे हॉलमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून बघायचे, मी किचनमधून ऐकायची. तो ऑगस्टमधला दिवस, ह्यांनी हाक मारली, "अगं, जरा ये." ह्यांचा आवाज कधी असा येत नाही. गेले तर जावई गवतावर आडवा, वर दोघंजण वाकलेले. हवेतला चेंडू घ्यायला तो पुढे झेपावला आणि समोरच्याचा गुडघा कानाच्या वर बसला. थोड्या वेळाने उठला, अंगठा वर केला आणि खेळला. पूर्ण मॅच खेळला. जिंकलेही. घरी आला तेव्हा कानावर लिंबाएवढी गाठ होती आणि म्हणत होता, "ऑल गुड, आई."

क्लबाचा डॉक्टर बरा माणूस होता, त्याने टेस्ट घेतली. ती टेस्ट काय असते ते मला ठाऊक होतं, कारण ईस्टरच्या जेवणाला जावयानेच हसत हसत सांगितलं होतं. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवा, रंग बदलला की बटण दाबा. डोक्याला लागलं की तीच परीक्षा परत, आणि जुने मार्क नव्याशी ताडून बघायचे. तर जुने खेळाडू काय करतात, सुरुवातीलाच मुद्दाम बावळटासारखी उत्तरं देतात. म्हणजे पुढे डोकं खरंच बधीर झालं तरी मार्क जुळतात. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो, ह्यांनी तर टेबलावर थाप मारली होती. ऑगस्टमध्ये तो त्या परीक्षेत पास झाला आणि खेळत राहिला. मी हसले नाही.

कारण मी घरात होते. बेसमेंटच्या खिडकीवर त्याने ब्लँकेट लावलं. फ्रिज उघडला की आतल्या दिव्याने तोंड फिरवायचा. वॉशरूमचा पंखा चालू करून आत ओकायचा, जसं काही वर आवाज येतच नाही. एकदा मी चहा पुढे केला. त्याने हात पुढे केला आणि कपाचा कान सोडून बाजूची हवा पकडली. लांबून मारलेला चेंडू धरणारा माणूस, आणि समोरचा कप चुकला. त्याने लगेच हात डोक्यावरून फिरवला, जणू केसच नीट करायचे होते.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांचं ठरलेलं उत्तर, "जावई आहे तो. जावयाला बोलायचं नसतं." म्हणे जावई म्हणजे दहावा ग्रह. आमच्यात अशी म्हण आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. इथे दुखणंच जावयाचं, आणि सगळं घर डोळ्यावर कातडं ओढून बसलेलं. त्याला काय हवं, काय नको, भात वाढू का, पंखा लावू का, सगळं विचारायचं. फक्त तुला दिसतंय का नीट, हे विचारायचं नाही, कारण जावयाचा अपमान होतो. चुलीत घाला तो मान.

मुलीला गाठलं ते ऑक्टोबर लागल्यावर, गाडीत, ग्रोसरीला जाताना. गाडीत तिला उठून जाता येत नाही.

"आई, मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याच्या शेजारी झोपते. तुला वाटतं मला माहीत नाही?"

"मग?"

"चार मॅचेस राहिल्यात. मग क्लबवाले नेक्स्ट इयरचं ठरवणार. आता बाहेर बसला तर बाकावरच्या त्या मुलाला ठेवतील आणि ह्याला सोडतील. या वयाच्या गोलकीपरला कोण घेणार? तो म्हणतो विंटरभर रेस्ट घेईन."

"आणि चार मॅचमध्ये परत तिथेच लागलं तर?"

तिने पार्किंगमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी पाठीवरून हात फिरवत बसले. दुखणं अंगावर काढायची सवय आम्हा बायकांची, असं मला वाटायचं. त्या दोघांनी ते वाटून घेतलं होतं. मग आम्ही दूध, कांदे, डायपर घेऊन घरी आलो, आणि मी कुणाला काही बोलले नाही.

त्या शनिवारी मॅच नव्हती. रविवारी मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते. तो नातीला कडेवर घेऊन खाली बेसमेंटमध्ये चालला होता. भर सकाळ, लख्ख उजेड. मधल्या पायरीवर त्याचा पाय पुढे गेला आणि पायरी जिथे होती तिथे पडलाच नाही. तो कोसळला. एका हाताने कठडा धरला, तो भिंतीतून अर्धा उखडला, आणि हा नातीला छातीशी धरून पायऱ्यांवर बसत बसत घसरला. ती हसत होती. "अगेन, डॅडी, अगेन." त्याचं तोंड मैद्यासारखं पांढरं. मी धावत जाऊन पोरीला उचललं.

"सॉक्स," तो म्हणाला. "स्लिपरी सॉक्स, आई."

त्याचे पाय उघडे होते.

त्या आठवड्यात मॅच शनिवारी दुपारी होती. ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग नुकतंच होऊन गेलेलं, बाहेर मॅपलची पानं ड्राइव्हवेवर पडलेली, ह्यांनी ती नुकतीच एका बाजूला ओढली होती. मी ठरवून काही केलं नाही, हे सांगून ठेवते. लोकांना वाटतं मी आठवडाभर डाव रचला. मी कांदा चिरत होते. तो बॅग घेऊन आला, बॅग खाली ठेवली, गुडघा टेकला, डोळे मिटले. मी हात पुसून पुढे केला, आणि त्याच्या कानाच्या वर अजून ती जागा जरा सुजलेली दिसली. अंगठा कपाळाला लावायचा म्हणजे मी त्याला पाठवतेय. देव तुला राखो म्हणायचं आणि आपणच त्याला त्या गुडघ्यांसमोर ढकलायचं. देवाला काय मी मूर्ख वाटले?

मी हात मागे घेतला. "आज नाही," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "आई, आय ॲम लेट."

"आज नाही. तुला दिसत नाही नीट. मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. डॉक्टरला सांग. मग ये, रोज देईन." हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं, माझ्या किचनच्या इंग्रजीत, पण त्याला शब्दन् शब्द कळला.

"प्लीज," तो म्हणाला. अजून गुडघ्यावरच होता. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसून प्लीज म्हणत होता, आणि मी हात पाठीमागे बांधून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "आई, दे ना. डोंट डू धिस." ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि परत वर घेतला.

मी दिला नाही. तो उठला, बॅग घेतली, दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. खिडकीतून बघितलं तर गाडीत बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. बराच वेळ तसाच. मग गेला.

मुलगी नातीला घेऊन खाली गेली. मी कांदे उचलून फेकून दिले, जेवण सुचेना. मॅचच्या वेळेला ह्यांनी टीव्ही लावला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले. टीम रांगेने बाहेर आली. गोलकीपरच्या जर्सीत तो तरुण पोरगा होता. खांबांना हात लावत होता, तोही. कॅमेरा फिरत फिरत बाकावर गेला. आमचा जावई सगळ्यात टोकाला, अंगात कोट, गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता.

"सांगितलं वाटतं त्याने," हे म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग तो कोट बघितला आणि मला रडू आलं. आख्खी जवानी जिथून उठायला घातली, तिथेच जाऊन बसला होता, आणि या वेळी पाठवणारी मी.

स्पेशालिस्टकडे महिनाभर फेऱ्या झाल्या. डोक्याला पूर्वीही मार बसलेले होते, इंग्लंडात, ते कुणाला सांगितलेच नव्हते. डोळ्यांचं सुधारेल म्हणाले, हळूहळू. फुटबॉलचं विचारलं तेव्हा डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं आणि नाही म्हटलं. मुलगी घरी येऊन मला म्हणाली, "तू बरोबर होतीस. पण ते त्याचं होतं, आई. त्याने स्वतः थांबायला हवं होतं. तू त्याच्याकडून तेही घेतलंस." मी म्हटलं, थांबला असता का? ती म्हणाली, नाही.

नोव्हेंबरच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये त्याच बाई आल्या, वेअरहाऊसवाल्या. त्यांना कुठून तरी कळलं होतंच. "एका अर्थी बरंच झालं हो," म्हणाल्या, "आता एखादी चांगली नोकरी बघतील." माझ्या हातात गरम चहा होता, त्यांचं नशीब की मी तो टेबलावर ठेवला. म्हटलं, "नोकरी होती त्याला. चांगली होती. लहानपणापासून एकच काम शिकला, आणि ते त्याला येत होतं. तुमच्या घरात कुणाला एवढं मन लावून काही करताना बघितलंय?" हे माझा कोट शोधायला गेले.

आणि जावई? तो वाईट वागत नाही, तेच वाईट आहे. पहिल्या बर्फाला सगळ्यांच्या आधी उठून ड्राइव्हवे शॉव्हलने साफ केला. गाड्यांना विंटर टायर्स लावून आणले. आई म्हणतो. संध्याकाळी जपमाळेला मात्र वर येत नाही, आणि मी बोलावत नाही.

गेल्या आठवड्यात मुलगी ऑफिसातून यायची होती, हे नातीला घेऊन लायब्ररीत गेले होते. घरात आम्ही दोघंच. मी त्याचं ताट वाढलं. तो टेबलाशी उभा राहिला, बसला नाही.

"सगळे मला विचारतात बरं वाटतंय का," तो म्हणाला. "डोकं बरं आहे का. तू पण रोज विचारतेस."

"मग काय विचारू?"

"काही नको. मी सांगतो." तो इंग्रजीत सावकाश बोलत होता, मला एकही शब्द चुकू नये म्हणून. "तू चुकली नाहीस. माझी मुलगी माझ्या हातात होती आणि मी पडलो, ते मला कळतं. पण मला चार मॅच हव्या होत्या, आई. फक्त चार. मला थँक यू म्हणता येत नाही. सगळ्यांना वाटतं मी म्हणावं. मला नाही येत."

"नको म्हणूस," मी म्हटलं. "जेव."

त्याने ताट उचललं, दुसऱ्या हाताने नव्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरला आणि खाली दार लावून घेतलं. माझ्या टेबलाशी बसून तो जेवत नाही. अजून नाही.